उष्ट्याची मात्रा

इंगवले सरांच्या तोंडाला वास येतो हे सबंध कुरुंदवाडला ठाऊक होतं, एक इंगवले सर सोडून. सर बोलायला उभे राहिले की पहिल्या रांगेतली माणसं हळूच उठून मागे जाऊन बसत आणि सरांना वाटे, काय विनयशील श्रोते आहेत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते तालुकाभर व्याख्यानं देत फिरत. विषय एकच, 'आपल्या चालीरीतींमागचं विज्ञान'. उंबऱ्यावर का बसू नये, अमावास्येला केस का कापू नयेत, दक्षिणेकडे पाय करून का झोपू नये, या सगळ्यामागचं विज्ञान त्यांच्या खिशात तयार असे. स्वतःच्या तोंडात काय चाललंय याचं तेवढं नव्हतं.

त्या वासाची सगळ्यात जास्त माहिती होती जयमालाला, त्यांच्या बायकोला. ती सत्तावीस वर्षं त्यांच्या उष्ट्या ताटात जेवली होती.

आता २०१२ साली लग्न होऊन आलेली, बी.एस्सी. झालेली, तालुक्याच्या दूध संघात प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. तेव्हाही विचारलं असतं. पण सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, विचारायची कुणाची छाती नव्हती. "ताट वेगळं तर मन वेगळं," हे आक्कांचं ठरलेलं वाक्य. जयमालाच्या आईने लग्नात तिला स्टीलचं ताट दिलं होतं, काठावर नाव घातलेलं, 'चि. जयमाला हिस आईकडून'. आक्कांनी ते पहिल्याच दिवशी जुन्या धडुत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

मग रोजचं सुरू झालं. सरांचं जेवण उरकलं की त्याच ताटात जयमालाला वाढायचं. ताट विसळायचं नाही, पुसायचंही नाही. काठाला शेवग्याच्या शेंगांचा चघळून टाकलेला चोथा, मधे दाताने अर्धवट तोडलेला भाकरीचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या कडेला कधी कधी लाल ओल. ती चटणीची नाही हे जयमालाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. सरांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दिवसभर ती दूध संघात काचेच्या नळ्या वाफेवर उकळून घेई, कुणी झाकणाला बोट लावलं तरी नमुना ओतून देई. सकाळी जेवून निघताना आणि संध्याकाळी घरी आली की हे ताट. तिला किळस यायची. साधी नाही, नरड्याशी ओकारी यायची. ती गिळायची. माहेरी आईला एकदाच सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "सासू आहे तोवरच, बाई." आणि आक्का शहाऐंशी वर्षं जगल्या.

आक्का गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली होती. तेराव्याची भांडी घासून झाल्यावर जयमाला माळ्यावर चढली, ताट काढलं, चिंच लावून घासलं आणि त्यात एकटीने पिठलंभात खाल्ला. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. तिला याचंच जास्त वाईट वाटलं. ज्याच्यापायी आपण सत्तावीस वर्षं ओकारी गिळली, त्याला, आपण काही गिळतोय हेच माहीत नव्हतं.

सरांचा पहिला दात पडला तो २०४१च्या माघात, भाकरी खाताना. समोरचा, वरचा. त्यांनी तो जिभेने बाहेर ढकलला आणि ताटात थुंकला. वांग्याच्या भरतात तो पिवळा, लांब मुळाचा दात पडला आणि त्याबरोबर असा काही वास सुटला की जयमाला पदर नाकाला लावून मागच्या दारी गेली. शेजारचे दोन दातही बोटाने हलत होते. दुसऱ्या दिवशी 'शास्त्र' म्हणताना सरांच्या तोंडून शीळ आली, आणि दिवाळीत तर कोल्हापूरच्या व्याख्यानमालेचं उद्घाटन त्यांच्या हातून व्हायचं होतं. तेव्हा कुठे ते मिरजेला जायला तयार झाले.

मिरजेच्या डॉक्टर तस्नीम मुजावर म्हणजे पस्तिशीची चटपटीत बाई. त्यांनी सरांच्या हिरडीत एक बारीक सळई सरकवली. ती जाते जाते आणि जातच राहते, हे समोरच्या पडद्यावर मोठं करून दिसत होतं. सळईच्या टोकाशी पू होता.

"दात आणि हिरडी यांच्यामध्ये प्रत्येकाला खाच असते, सर," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या तोंडात ती दोन-तीन मिलिमीटर. तुमची नऊ आहे. तिथं हवा पोचत नाही, ब्रश पोचत नाही. तिथं जंतूंनी वस्ती केलीय. शरीर त्यांच्याशी भांडतं आणि त्या भांडणात दाताखालचं आपलंच हाड झिजतं. दात वाईट नाहीत तुमचे. त्यांच्या बुडाची जमीन गेलीय."

"मग नवे बसवून टाका की."

"कशात बसवू? स्क्रूला हाड लागतं."

खाचा लेझरने साफ करता येत होत्या, पण महिन्याभरात जंतू परत येत. जुनी औषधं या जंतूंच्या दहा वर्षांपूर्वीच पचनी पडली होती. हाड पुन्हा वाढवणारा लेप निघाला होता आणि तो चांगलं काम करी, पण तीन महिने खाच स्वच्छ राहिली तरच. ती स्वच्छ ठेवायला डॉक्टरांकडे अलीकडे एक नवा उपाय आला होता. त्यासाठी घरातल्या माणसाची लाळ लागते, म्हणून त्यांनी जयमालाच्याही तोंडात बोळा फिरवला आणि आठ दिवसांनी दोघांना पुन्हा बोलावलं.

आठ दिवसांनी त्या सरांशी बोलल्याच नाहीत, जयमालाकडेच बघत राहिल्या.

"काकू, सरांचे जंतू तुमच्या तोंडात आहेत. अगदी तेच वाण. पण तुमच्या हिरड्या ठणठणीत आहेत. कारण त्या जंतूंना खाणारे विषाणूही तुमच्या तोंडात आहेत. माणसाला काही करत नाहीत ते, फक्त जंतू फोडतात. आम्ही त्यांना शिकारी म्हणतो."

"फेज," जयमाला म्हणाली.

"तुम्हाला माहिती आहे?"

माहिती कशी नसणार. दहा वर्षांपूर्वी पाडव्याच्या तोंडावर दूध संघाच्या श्रीखंडाचं दही लागेना. साहेब दुधाला शिव्या देत होते, दूधवाले साहेबांना. जयमालाने विरजण तपासलं, तर त्यातले जंतू रातोरात मेलेले. असलाच एक विषाणू विरजणात शिरला होता. मोठा हट्टी प्राणी. ज्या जातीच्या जंतूवर बसतो त्याच जातीला खातो, शेजारच्याला हात लावत नाही.

"म्हणजे यांचेच जंतू खाणारे शिकारी माझ्याच तोंडात तयार झाले," ती सावकाश म्हणाली. "जंतू रोज येत राहिले म्हणून."

"बरोबर. सत्तावीस वर्षं रोज. असा नमुना मी बघितला नव्हता."

"मग बाटलीत वाढवा आणि यांना द्या. मी कशाला?"

"प्रयत्न केला. बाटलीत ते सुस्तावतात. जंतू रूप बदलत राहतो, आणि बाटलीतला शिकारी जुनंच रूप शोधत बसतो. जिवंत तोंडात दोघंही रोज बदलतात."

जयमालाने मान हलवली. फ्रीजमध्ये महिनाभर ठेवलेलं विरजण आणि रोज लावलेलं विरजण यांतला फरक तिला कुणी सांगायला नको होता.

"फक्त एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे शिकारी कमी होत चाललेत. त्यांना खायला मिळेना झालंय. दोन वर्षांत घरात काही बदललं का?"

जयमालाने सरांकडे बघितलं. मग म्हणाली, "ताट."

तिने दोन वाक्यांत सांगितलं. सर ऐकत होते. आधी त्यांना अर्थ लागला नाही, मग लागला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की हलणारे दोन्ही दात दिसले. डॉक्टर पुढचं सांगत होत्या. दर आठवड्याला जयमालाच्या दातांवरचा थर खरवडायचा, तो सरांच्या खाचांत भरायचा, आणि मधल्या दिवसांत दोघांच्या तोंडांची देवाणघेवाण चालू ठेवायची. नव्वद दिवस.

"देवाणघेवाण म्हणजे, पूर्वीसारखं ताट..." डॉक्टर थोड्या अडखळल्या. "काकूंना जमेल का?"

"जमेल की," सर म्हणाले. "तिला सवय आहे."

त्याच दिवशी दुपारी जयमालाने सरांच्या उष्ट्या ताटात स्वतःला भात वाढून घेतला. दोन वर्षांत तिची सवय मोडली होती. ताटाच्या मध्यावर सरांनी बोटांनी निपटून घेतलेल्या रेघा होत्या, आणि आमटीवर लाळेचा बारीक फेस. तिने डोळे मिटले. पहिला घास गेला. दुसरा नरड्यापर्यंत जाऊन परत आला. ती मोरीकडे धावली, तोंड धुतलं, आणि आपण औषधच धुऊन टाकलं हे लक्षात येऊन परत ताटावर येऊन बसली. बाहेर झोपाळ्यावर सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, शास्त्राने सिद्ध केलं. माझी आई चौथी शिकलेली. तिला कळत होतं, ते यांना आत्ता कळतंय."

असे पाच दिवस गेले. जयमाला दोन्ही वेळा जेवत होती आणि दोन्ही वेळा तिला स्वतःची घृणा येत होती. त्यांचे दात राहावेत असं तिलाही वाटत होतं. एकोणतीस वर्षांचा संसार होता, आणि सर माणूस म्हणून दुष्ट नव्हते. कधी हात उचलला नाही, कधी पगार मागितला नाही. त्यांना फक्त दिसत नसे. या एवढ्याशा गोष्टीचं तिला इतकं का लागतंय, असं ती स्वतःलाच विचारी, आणि जेवायची वेळ झाली की उत्तर समोर येई.

सहाव्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघात सरांचं व्याख्यान होतं. विषय होता 'उष्ट्या ताटाचं विज्ञान'. जयमालाला व्यासपीठावर बसवलं होतं. अध्यक्षांनी तिला शाल, श्रीफळ दिलं, आणि सरांनी तिच्याकडे हात करून सांगितलं, "ही माझी औषधाची बाटली." लोक हसले. सर तोंडातून शीळ वाजवत पुढे बोलत राहिले. पतीच्या ताटात जेवणं हा अपमान नव्हता, ती लस होती. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. सूनबाईंनी आता लाजायचं कारण नाही.

पूर्वजांना जंतू ठाऊक असते तर त्यांनी आधी नवऱ्यांची तोंडं धुतली असती, असं जयमालाच्या मनात आलं. पण हातात नारळ होता आणि माईक सरांकडे.

दुसऱ्या रांगेत चौगुलेबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांची नवी सून, सहा महिन्यांपूर्वी आलेली, इचलकरंजीची. चौगुलेबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?" सुनेने व्यासपीठावर जयमालाकडे बघितलं. ते बघणं जयमालाने ओळखलं. तिनेही कधीतरी आईकडे तसंच बघितलं होतं, तूच सांग आता असं. जयमालाला कसंतरी झालं. सरांच्या ताटाने कधी झालं नव्हतं इतकं. त्या ताटाची शिसारी तिच्यापुरती होती, ही आता गावभर वाढली जाणार होती, आणि वाढपी म्हणून शाल पांघरून आपण बसलोय.

दुसऱ्या दिवशी मिरजेची पाळी होती. सर बाहेरच्या बाकावर, आत खुर्चीत एकटी जयमाला. डॉक्टर तिच्या दातांवरचा थर खरवडून कुपीत घेत होत्या. पांढरट, चिकट. खरवडून झालं तशी तिने चूळ भरली आणि विचारलं, "डॉक्टर, हे उलटं चालेल का?"

"उलटं म्हणजे?"

"मी आधी जेवायचं. माझ्या उष्ट्या ताटात त्यांनी."

डॉक्टरांनी कुपी खाली ठेवली. "चालेल म्हणजे काय, जास्त चांगलं. शिकारी सरळ जिथं जंतू आहेत तिथंच पोचतील. तिथं त्यांना खायलाही भरपूर. मधला फेरा वाचेल."

"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

डॉक्टर थोड्या ओशाळल्या. "मी विचारणार होते, काकू. पण सर म्हणाले, तिला सवय आहे. मग मीही पुढं विचार केला नाही. चुकलंच माझं."

"असू दे. आता लिहून द्या. छापील."

डॉक्टरांनी लिहून दिलं. रुग्णाने दोन्ही वेळा पत्नीच्या उष्ट्या ताटात जेवावे. ताट विसळू नये, पुसू नये. नंतर तासभर चूळ भरू नये. 'विसळू नये, पुसू नये' हे जयमालाने घालायला लावलं.

घरी येऊन तिने शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, भात लावला, आणि माळ्यावरून उतरवलेलं आपलं ताट घेऊन पाटावर बसली. सर हात धुऊन आले, तर ती जेवत होती. घाई नव्हती. शेंग दातांत धरून ओढायची, गर खायचा, चोथा काठाला ठेवायचा. सर बघत उभे राहिले.

"अगं, मला वाढलं नाहीस?"

"बसा. माझं होतंय."

तिचं झालं. ताटात चार-पाच चोथे, निपटलेल्या बोटांच्या रेघा, अर्धा घास भात. तिने त्यावरच गरम भात वाढला, तूप घातलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. शेजारी डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे असलं कसलं औषध? बायकोच्या उष्ट्या..."

"विज्ञान आहे," जयमाला म्हणाली.

"लोकांना काय सांगू मी?"

"कालचंच सांगा. लस म्हणून. फक्त कुणी कुणाला टोचायची तेवढं बदला. चौगुलेबाईंना तर मीच जाऊन सांगणार आहे, त्यांच्या सुनेसमोर."

सर चिडले. थोडं ओरडले. मग जिभेने पडलेल्या दाताशेजारचा दात हलवून बघितला, तो दारासारखा आतबाहेर झाला, आणि ते खाली बसले. त्यांनी भातात बोटं घातली. घास तोंडाजवळ नेला. नजर काठावरच्या चोथ्यावर गेली, त्या चोथ्यावर तिच्या दातांच्या खुणा होत्या. घास परत ताटात पडला. त्यांना मोठी ओकारी आली, कोरडीच. डोळ्यांत पाणी आलं. ते मोरीपर्यंत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि परत आले.

जयमाला बघत होती. तिला वाटलं होतं, मजा येईल. मजा आली नाही. दुसऱ्याला ओकारी गिळताना बघणंही किळसवाणंच असतं, आणि ही ओकारी तिच्या तर ओळखीचीच होती.

सर बराच वेळ ताटाकडे बघत बसले. काठावर भाताखालून अक्षरं दिसत होती, 'चि. जयमाला हिस'. त्यांनी ती वाचली. हे ताट त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"तुला हे असं..." त्यांनी विचारलं. "तुलाही व्हायचं?"

"व्हायचं."

"रोज?"

"रोज. दोन वेळा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सर खालच्या आवाजात म्हणाले, "कसं जमायचं गं तुला?"

हा प्रश्न एकोणतीस वर्षांत आज पहिल्यांदा आला होता. जयमालाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दूध संघात ती शिकाऊ मुलींना नळी कशी धरायची ते सांगायची, त्याच स्वरात तिने सांगितलं.

"काठाकडं बघायचं नाही. घास मधला घ्यायचा. आमटी गरम ओतून घ्यायची, वाफ असली की वास कमी लागतो. श्वास धरायचा, डोळे मिटायचे. पहिले दोन घास फार त्रास देतात. तिसऱ्याला जीभ गप्प बसते."

सरांनी आमटी ओतून घेतली. डोळे मिटले. श्वास धरला आणि घास तोंडात घालून तसाच गिळायला गेले.

"गिळू नका," जयमाला म्हणाली. "मी गिळायचे. तुम्हाला चावून खावं लागेल. औषध आहे."

सर हलणाऱ्या दातांनी हळूहळू चावू लागले.